अभंगात ख्रिस्त

मंडळी, अभंग म्हटला की आपल्याला टाळ-मृदंग आठवतो. तोच अभंग नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तासाठी लिहिला. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. तेव्हा चर्चमध्ये इंग्रजी चालींवरची भाषांतरित गीतं बरीच असत.

आता प्रश्न असा, की घाट वारकऱ्यांचा आणि आशय ख्रिस्ती, हे जमतं कसं? जमतं, कारण शरणागती आणि कृपेची ओढ दोन्हीकडे आहे. टिळक ख्रिस्तालाही माउली म्हणतात. फरक उरतो तो क्रुसाचा. तो आपण पुसू नये.

आफ्रिकेतल्या स्वाहिली भजनांतही प्रभूला ‘ब्वाना’ म्हणतात, म्हणजे रोजच्या बोलण्यातला मालक, साहेब.

म्हणून आम्ही म्हणतो, धर्म बदलला तरी मायबोली सोडावी लागत नाही.