पैनगंगेच्या दोन्ही काठांवरची घरं
लेखमाला : युद्ध आणि घर – भाग सहावा

मागच्या आठवड्यात आपण दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटन पाहिलं. ८ जानेवारी १९४० पासून तिथं लोणी, साखर आणि बेकन रेशनवर आलं आणि रेशनिंग पुरतं उठायला १९५४ साल उजाडलं. हाल तिथंही झाले. पण शिधा वाटणारं सरकार आणि शिधा घेणारं घर एकाच बाजूला उभं होतं. आता आपल्या मुलखाकडं येऊ.

१९४७-४८ साली हिंगोली नावाचा जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ ला झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा हा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात. इथल्या घरांना सरकार ठाऊक होतं ते धान्य नेणारं. महायुद्धाच्या काळात संस्थानानं शेतकऱ्यांवर सक्तीची लेव्ही बसवली आणि युद्ध संपल्यावरही ती सुटली नाही. एरवी खळं झालं की वर्षाचा हिशेब घरात बसून व्हायचा: खायला किती ठेवायचं, बियाण्याला किती, बलुत्याला किती, पाहुण्यारावळ्यांना किती. लेव्हीचा माणूस दारात आला की तो हिशेबच मोडायचा. मग ज्वारी पेवात गेली, बळदात गेली. स्वतःच्या रानात पिकवलेलं धान्य स्वतःच्याच घरात लपवायचं, ही या घरांची निजामाविरुद्धच्या लढ्याशी पहिली ओळख. हा लढा चालवणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसनं लेव्हीविरोध हाती घेतला तेव्हा लोकांना तो समजावून सांगावा लागला नाही.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण निजाम भारतात सामील झाला नाही आणि त्याच दिवशी स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना संस्थानात अटक झाली. पुढं तेरा महिने रझाकारांची, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांची दहशत आणि तिच्याविरुद्धचा सशस्त्र लढा असं चाललं. हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा आहे. नदीच्या पलीकडं वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. अलीकडं निजामाचं राज्य. पलीकडं उमरखेडसारख्या गावी लढ्याचे कॅम्प उभे राहिले. तिथले तरुण रात्री नदी उतरून यायचे, करोडगिरीची नाकी जाळायचे, पोलीस ठाण्यांवर चालून जायचे.

त्यांच्या शौर्याबद्दल मराठवाड्यात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. वसमत तालुक्यातल्या वापटीच्या बहिर्जी शिंदे यांचं हौतात्म्य आजही सांगितलं जातं. वसमतचं महाविद्यालय त्यांच्या नावानं आहे. मला विचारायचं आहे ते त्या रात्रीच्या भाकरीबद्दल. दहा-पंधरा माणसं रानात थांबली असतील तर कुणीतरी रात्रीतून जात्यावर दळण काढलं, कुणीतरी चूल पेटवली. अवेळी निघालेला धूर लपत नाही आणि जात्याची घरघर शेजारच्या वाड्यातही ऐकू जाते. सकाळी चौकशीला माणूस आला तर त्याच्यासमोर नेहमीसारखं शेणसडा घालत राहायचं. रोजचं काम आणि लढ्याचं काम यांत बाहेरून काहीच फरक दिसू द्यायचा नाही, हे त्या बायांचं कसब होतं. त्यात चुकलं तर शिक्षा अख्ख्या घराला होती.

त्यात पैशाचा घोळ. संस्थानात हाली रुपया चालायचा, पलीकडं कलदार, म्हणजे भारताचा रुपया. सात हालीला सहा कलदार असा साधारण भाव. भारत आणि निजाम यांच्यातल्या नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारानंतर थोड्याच दिवसांत हैदराबाद सरकारनं वटहुकूम काढून संस्थानात भारतीय चलन अवैध ठरवलं आणि सोनं-चांदी भारतात न्यायलाही बंदी घातली. रझाकारांच्या भीतीनं पोरांना घेऊन पलीकडं वाशीम, पुसद, रिसोडकडं निघालेल्या बाईची सगळी पुंजी अंगावरच्या चार डागांत असायची, आणि ते डाग घेऊन नाकं ओलांडणं हाच गुन्हा झाला. भारतानं संस्थानाची नाकेबंदी केली तेव्हा मीठ, घासलेट, औषधं यांची टंचाई आली. निजामाला नमवायला हा उपाय लागलाच असेल. पण त्याची झळ राजवाड्याच्या आधी खेड्यातल्या चुलीला लागली, हे लिहून ठेवलं पाहिजे. लेव्ही एका सरकारनं नेली आणि मीठ दुसऱ्यानं अडवलं.

उन्हाळ्यात पैनगंगा आटते, तेव्हा नदी उतरून जाणं सोपं होतं. पावसाळ्यात पाणी चढलं की वाट बंद. १९४८ च्या मृगात पेरणी कुणी करायची, हा प्रश्न गाव सोडलेल्या प्रत्येक घरापुढं होता. गेलं तर रान पडीक, राहिलं तर जिवाची धास्ती. म्हणून कित्येक घरं दोन ठिकाणी विभागली: लेकरं आणि तरण्या सुना पलीकडं, म्हातारी माणसं आणि जनावरं अलीकडं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. भाद्रपद होता, घरोघरच्या महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या. १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली.

इथं बहुतेक पुस्तकं थांबतात. मला थांबता येत नाही, कारण घरांचं युद्ध त्या दिवशी संपलं नाही. पलीकडं गेलेली कुटुंबं परतत होती, तेव्हा संस्थानातल्या अनेक गावांत मुसलमानांची घरं लुटली, जाळली जात होती. रझाकारांशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशी माणसंही मारली गेली. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं कारवाईच्या काळात आणि नंतर मेलेल्यांचा आकडा २७ ते ४० हजार असा अंदाजला. मराठवाड्यातले उस्मानाबाद आणि नांदेड हे सर्वांत जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मुक्तिसंग्रामाचा मला अभिमान आहे, आणि म्हणूनच या घरांना वगळून त्याचा इतिहास सांगणं मला मान्य नाही.

स्वातंत्र्यसैनिकांच्या केंद्रीय निवृत्तिवेतनासाठी किमान सहा महिने तुरुंगवास, स्त्रियांना तीन महिने, अशी मुख्य अट होती. भूमिगत राहिलेल्यांना आणि पुढं सीमेवरच्या कॅम्पांतल्या सैनिकांनाही त्यात जागा मिळाली, ती रास्तच. मागच्या दारानं भाकरी पोचवणारी बाई तुरुंगात गेली नव्हती, भूमिगत नव्हती, कॅम्पातही नव्हती. ती घरातच होती, आणि घरात राहण्याचा दाखला कोणतंच कार्यालय देत नाही. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं, तेव्हा वाचल्या जाणाऱ्या नावांत ती नसते.

त्या वर्षी पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या पुढं आहे. तुमच्या घरात, गल्लीत, मामाच्या गावी अशी कुणी आजी असेल तर या दिवाळीच्या आधी तिच्याजवळ जाऊन बसा. कुठं गेलात, काय खाल्लंत, कुणी थारा दिला, शेजारचं कोण परत आलंच नाही, हे विचारा आणि तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. मुसलमान शेजारणीकडंही हेच विचारायला जा.

पुढच्या भागात : १९६५ आणि १९७१ मधली ब्लॅकआऊटची मुंबई.