संघाची नवी उभारणी : बियाणे आणि बाजार

अकोल्याच्या जठारपेठेत राहणाऱ्या मनुष्यास ‘वायदा’ या शब्दाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. कापूस अजून शेतात उभा आहे, बोंड फुटावयाचे आहे, आणि त्याचा सौदा मात्र आजच होतो, ही गोष्ट या कापसाच्या मुलखास पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. परंतु खेळाच्या मैदानावरही असाच वायदा चालतो, आणि त्यावर संघांचे भवितव्य अवलंबून असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेतील बास्केटबॉलचे होय. तेथील मुख्य साखळीत 30 संघ आहेत. नव्या खेळाडूने वाटेल त्या संघात जावे, अशी मोकळीक तेथे नाही. दर वर्षी संघ पाळीपाळीने नवोदितांची निवड करतात, आणि दुबळ्या संघास आधीची पाळी मिळावी असा नियमाचा रोख असतो. हेतू हा की, बलवानाने कायम बलवान राहू नये. मात्र ही पाळी स्वतःच विकाऊ वस्तू आहे. आज एक नामांकित खेळाडू द्यावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात पुढील चार-सहा वर्षांच्या पाळ्या घ्यावयाच्या, असे व्यवहार तेथे राजरोस होतात.

ओक्लाहोमा सिटीच्या संघाने 2019 साली हेच केले. पॉल जॉर्ज हा मोहरा त्याने लॉस एंजलिसच्या क्लिपर्स संघास दिला. मोबदल्यात शे गिल्जस-अलेक्झांडर हा तरुण व आणखी एक खेळाडू, पहिल्या फेरीच्या पाच पाळ्या आणि पाळी बदलून घेण्याचे दोन हक्क पदरात पाडून घेतले. पुढे दोन हंगाम पराभवांत गेले. परंतु त्या पाळ्यांपैकी एकीतून 2022 साली जेलेन विल्यम्स मिळाला, आणि 2025 साली तो संघ अजिंक्य ठरला. उलट ब्रुकलिनच्या संघाने 2013 साली पस्तिशी गाठलेल्या दोन नामवंतांसाठी बॉस्टनला अनेक पाळ्या देऊन टाकल्या. नामवंत लवकरच थकले. त्याच पाळ्यांच्या व्यवहारांतून बॉस्टनने मिळविलेल्या तरुणांनी 2024 साली अजिंक्यपद आणले. एकाने बियाणे विकून सण साजरा केला, दुसऱ्याने ते पेरले.

आता आपल्या घरच्या खेळाकडे वळू. ज्या वऱ्हाडात अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभे आहे, त्या भूमीस कबड्डीची ओळख करून देण्याचे कारण नाही. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी साखळीत पाळ्यांची विक्री नाही. तेथे लिलाव आहे. परंतु प्रश्न तोच आहे : कोणास राखावे, कोणास सोडावे आणि मर्यादित थैली कोठे रिती करावी?

पुणेरी पलटण 2019 च्या हंगामात बारा संघांत दहाव्या स्थानी राहिली. पुढील हंगामात अस्लम इनामदार व मोहित गोयत हे अननुभवी तरुण तिने मैदानात उतरविले. नवोदितांसाठी असलेल्या तरतुदीमुळे अशा मुलांवर संघाचा खर्च अल्प होतो आणि त्यांना राखूनही ठेवता येते. 2022 साली इराणचा अनुभवी बचावपटू फझल अत्राचली यास 1 कोटी 38 लाखांस घेऊन पलटण अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली, पण जयपूरकडून 33-29 अशी हरली. येथे कसोटीचा क्षण होता. संघचालकांनी अत्राचलीस सोडले, तरुणांना राखले, कर्णधारपद अस्लमकडे सोपविले, आणि राखीव पैशांतून महंमदरेझा शादलुई या इराणी तरुणास 2 कोटी 35 लाख मोजले. संघाची एकूण थैली पाच कोटींची होती. तरुण स्वस्तात हाती नसते, तर एकट्यावर जवळजवळ निम्मी थैली रिती करणे परवडले नसते. दिनांक 1 मार्च 2024 रोजी हरियाणास 28-25 असे नमवून पलटण प्रथमच अजिंक्य झाली.

त्याच लिलावात तेलुगु टायटन्स संघाने पवन सेहरावत यास 2 कोटी 60 लाख 50 हजारांस घेतले होते. पवन श्रेष्ठ खेळाडू खरा, पण संघ तळाला राहिला. एका भक्कम खांबाने घर उभे राहत नाही, हे यावरून दिसते.

तथापि बियाणे राखले म्हणजे पीक हमखास येते, असेही नव्हे. पुढच्याच हंगामात पलटणने शादलुईस सोडले, हरियाणाने त्यास 2 कोटी 7 लाखांस घेतले, आणि डिसेंबर 2024 मध्ये अजिंक्यपद हरियाणाकडे गेले. अस्लम मध्येच जायबंदी झाला आणि पुण्यास बाद फेरीही गाठता आली नाही. पाऊस कोणाच्या हातचा असतो?

या व्यवहारात दोन धोके आहेत. पहिला असा की, चांगली पाळी मिळावी म्हणून हरण्याचीच गोडी लागते. ती मोडण्यासाठी अमेरिकेत 2019 पासून तळाच्या तिन्ही संघांना पहिल्या पाळीची संधी सारखीच, म्हणजे शेकडा 14, ठेवण्यात आली. दुसरा धोका अधिक खोल आहे. खेळाडू म्हणजे सरकीचे पोते नव्हे. ज्याच्या भवितव्याचा सौदा होतो, त्या विशी-बाविशीच्या मुलास आपण कोणत्या गावी जाणार हे पुष्कळदा सौदा झाल्यावरच कळते.

म्हणून गल्लीतील लहानशा संघानेही एवढे ध्यानात ठेवावे : यंदाच्या एका ढालीसाठी पुढील पाच वर्षांची मुले बाकावर बसवून ठेवू नयेत, आणि त्या मुलांना केवळ नफ्याची वस्तूही मानू नये. बियाणे जपणारा शेतकरी त्याची निगाही राखतो. ज्यास हे दोन्ही साधले, त्याच्या अंगणात आज ना उद्या पीक उभे राहण्याची आशा धरावयास हरकत नाही.