आल्प्समधली ओसरी

कॉलेजात जाणाऱ्या मुलाने घरी देवाविषयी शंका काढली, की आजी म्हणते, 'असले बोलू नये,' आणि वडील म्हणतात, 'आधी परीक्षेचे बघ.' शंका तशीच राहते, आणि मुलगा ती घेऊन कट्ट्यावर जातो. ख्रिस्ती घरांतही याहून फार वेगळे घडत नसे. म्हणून स्वित्झर्लंडच्या ह्युएमो या डोंगराळ खेड्यातल्या एका लाकडी घराची हकीकत मला सांगावीशी वाटते.

फ्रान्सिस शेफर हे अमेरिकन धर्मोपदेशक पत्नी ईडिथ आणि मुलींसह १९४८ साली स्वित्झर्लंडला गेले. १९५१ मध्ये त्यांचा स्वतःचाच विश्वास डळमळला. पाऊस असला की गवताच्या माळ्यावर येरझारा घालीत त्यांनी आपली श्रद्धा मुळापासून तपासली. पुढचे सारे त्या माळ्यावरून आले, असे मला वाटते. ज्याला शंका कधी चावलीच नाही, तो दुसऱ्याची काय ऐकणार?

१९५५ च्या फेब्रुवारीत त्या कॅथलिक प्रांताने या प्रॉटेस्टंट कुटुंबाला गाव सोडण्याचा हुकूम दिला. शेजारच्या प्रांतात, ह्युएमोला, त्यांनी घर घेतले आणि त्याला नाव दिले 'लाब्री', म्हणजे आसरा. थोरली लेक लोझानच्या विद्यापीठात होती. सुट्टीला ती मित्रमैत्रिणींना घरी आणू लागली, त्यांनी आणखी कोणाला आणले, आणि साठीच्या दशकात पाठीवर पिशव्या घेतलेली जगभरची पोरे तो घाट चढू लागली. कोणी नास्तिक, कोणी अफूगांजाच्या नादी लागलेला. चूल अर्थातच ईडिथबाईंची! पहिल्या तीनेक वर्षांत लग्नातले आहेर संपले, चादरी फाटल्या, गालिच्यांना सिगारेटींची भोके पडली, असे शेफर यांनीच लिहून ठेवले आहे. पाहुणचार या शब्दाचा खरा हिशेब हा असा असतो.

हिशेबावरून आठवले. मी बँकेत उमेद घालवलेला माणूस. हे जोडपे पैशासाठी कोणापुढे हात पसरत नसे. गरज पडली की प्रार्थना करी. असा प्रकल्प अहवाल घेऊन कोणी माझ्या टेबलाशी आला असता, तर त्याला चहा पाजून मी अर्ज परत केला असता.

आता आपल्या वाचकाच्या मनात येईल ते बोलून टाकतो. हे सारे धर्मांतरासाठीच ना? शेफर धर्मप्रचारक होते आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. पुढे अमेरिकेत गर्भपातविरोधी चळवळीत ते हिरिरीने उतरले, तेव्हाचे शेफर मला फारसे रुचत नाहीत. पण त्या जेवणाच्या टेबलावर 'देव नाहीच' म्हणणाऱ्याचेही ताट वाढलेले असे आणि त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेतले जाई. एवढे आपल्याकडच्या किती मठांत आणि पक्षकार्यालयांत घडते?

या घरापासून स्फूर्ती घेऊन अमेरिकेत विद्यापीठांच्या कडेला ख्रिस्ती अभ्यासकेंद्रे निघाली. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलचे केंद्र १९७० नंतरच्या दशकातले. तिथली गंमत अशी, की १८१९ मध्ये विद्यापीठ स्थापताना थॉमस जेफरसनने मधोमध चर्च न बांधता ग्रंथालयाचा घुमट उभारला आणि धर्मशास्त्राचा प्राध्यापकही नेमला नाही. मात्र १८२२ मध्ये त्यानेच सुचवले होते, की पंथांनी हवी तर आपली विद्यालये विद्यापीठाच्या हद्दीलगत काढावीत. दीडशे वर्षांनी एका साध्या घराने, पुस्तके आणि बसायला खुर्च्या ठेवून, ती सूचना जणू मनावर घेतली.

शेफर १९८४ मध्ये गेले, ईडिथबाई २०१३ मध्ये. लाब्रीची शिस्त मात्र सुरुवातीच्या काळातच ठरून गेली होती: अर्धा दिवस वाचन आणि चर्चा, अर्धा दिवस काम. ईश्वराच्या अस्तित्वावर सकाळी तावातावाने भांडलेल्या मुलाने दुपारी बटाटे सोलायचे, भांडी घासायची, बागेतले तण काढायचे.