राखण नको, मान हवा

 आम्ही येडशीच्या बचत गटातल्या जणी.

बैठकीत हप्त्यांचा हिशेब मिटला की आमच्या गप्पा हमखास सिनेमावर येतात. मग कुणीतरी म्हणतंच, "बाईची अब्रू राखणारे मर्द आता राहिले नाहीत." म्हणून आज बोलू या गोष्टींतल्या आणि पडद्यावरच्या वीरांविषयी. ते बाईशी कसे वागतात, आणि त्यातलं आपण काय घ्यायचं?

असे वीर सगळ्या जगात आहेत. युरोपात जुन्या काळी चिलखत घालणारे घोडेस्वार सरदार असत. दुबळ्यांना आणि बायकांना सांभाळणं हा त्यांचा धर्म मानला जाई. पण तो मान मिळे तो बहुतेक वाड्यातल्या बाईला. शेतात राबणारीला क्वचितच.

आपल्याला पाठ असलेली गोष्ट आहे कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची. लुटीबरोबर तिला शिवाजी महाराजांपुढे आणलं, आणि महाराजांनी साडीचोळी देऊन तिची सन्मानानं पाठवणी केली. बाबूराव पेंटरांनी १९२४ साली याच प्रसंगावर 'कल्याण खजिना' हा मूकपट काढला. पुढे पोवाडे, नाटकं, शाळेचे कार्यक्रम, सगळीकडे ही गोष्ट गेली. त्या काळच्या कागदपत्रांत तिचा भरवशाचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही. तरी लोकांनी ती जपली, कारण राजा कसा असावा हे ती सांगते.

पण ज्याचा कागद आहे, तो प्रसंग आम्हाला जास्त मोलाचा वाटतो. १६४६ साली रांझे गावच्या बाबाजी पाटलानं 'बदअमल' केला, म्हणजे बाईची अब्रू लुटली, असा अर्थ अभ्यासक लावतात. महाराजांनी त्याची पाटीलकी काढली आणि हातपाय तोडायची शिक्षा दिली. आज अशी शिक्षा कायद्यात नाही, नसावीच. पण बघा, इथं शत्रू कुणी परका नव्हता. गावचा पाटील होता, आपलाच माणूस. दोन्ही गोष्टींत मोठेपणा आहे तो आपल्याच माणसाला अडवण्यात.

सिनेमानं यातली साडी ठेवली, तलवार ठेवली, पण ही गोष्ट मात्र बऱ्याचदा गाळली. नायक गुंडाला बडवतो आणि बाई कोपऱ्यात उभी राहून बघते. तिला काय हवं, हे कुणी विचारत नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'नं २०१६ साली हे उलटं केलं. त्यातली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पिस्तूल रोखून परशाला सोडवते. आणि शेवटी तिचा भाऊ येतो, हातात आईनं दिलेला आहेर घेऊन. घराण्याची अब्रू राखायला आलेला तो भाऊच दोघांचा जीव घेतो. कल्याणच्या गोष्टीत आहेर म्हणजे मान होता. इथं त्याच आहेराआड सुरा आहे.

म्हणूनच मैत्रिणींनो, रक्षण आणि राखण यांतला फरक ओळखायला हवा. राखण पिकाची करतात, कारण पीक मालकाचं असतं. बाई कुणाच्या मालकीची नाही. लेकीला घरातूनच जिवाची धमकी असेल, तर 'घरातली गोष्ट' म्हणून गप्प बसू नका. ११२ नंबरवर पोलिसांना कळवा, गटातल्या चार जणींना सोबत घ्या.

हा फरक साध्या व्यवहारातही दिसतो. राखीला भाऊ ओवाळणी घालतो, गोड वाटतं. तोच भाऊ हक्कसोडपत्र पुढं करतो, तेव्हा मात्र "भावाशी वाकडं नको" म्हणून आपण सही करून मोकळ्या होतो. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्रात हा कायदा १९९४ साली झाला, देशभर २००५ साली. वाटा घ्यायचा की सोडायचा, हे ठरवायचं तुम्ही. पण कागद वाचल्याशिवाय, समजून घेतल्याशिवाय अंगठा किंवा सही नको.

पुढच्या बैठकीत आपापल्या आवडत्या सिनेमाचा नायक आठवा आणि दोनच प्रश्न विचारा. तो आपल्या माणसांना अडवतो का? आणि तिला विचारतो का? दोन्हीला 'हो' आलं, तर तो खरा मर्द.