टूथपेस्ट, गॅलियम आणि तापलेला प्रोसेसर

बऱ्याच जणांनी विचारलंय, थर्मल पेस्ट संपली तर टूथपेस्ट चालते का? चालते. पण किती वेळ, ते ऐका.

प्रोसेसरचं झाकण आणि हीटसिंकचा तळ दिसायला गुळगुळीत, पण दोन्हींवर बारीक खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर-केल्विन, पाण्याची ०.६. म्हणजे वीसपटीहून जास्त! टूथपेस्टमध्ये पाणी असतं, म्हणून पहिल्या दिवशी तापमान झकास दिसतं. पुढे उष्णतेने पाणी उडतं, पेस्ट सुकून भेगा पडतात आणि भेगांत पुन्हा हवाच. खऱ्या पेस्टमध्ये सहसा सिलिकॉन तेल असतं, ते असं सहज उडत नाही. त्यामुळे मी म्हणेन, नवी ट्यूब घरी येईपर्यंत एखादी संध्याकाळ, बस. त्यातही गेम नको.

मला खरी धास्ती वाटते ती लिक्विड मेटलची. गॅलियम, इंडियम, कथील यांचं हे मिश्रण उष्णता पेस्टपेक्षा कितीतरी पटीने चांगली वाहून नेतं. पण त्यातून वीजही वाहते. एक थेंब मदरबोर्डवर सांडला की शॉर्ट. आणि ॲल्युमिनियमला तर ते लावूच नका. गॅलियम त्या धातूच्या कणाकणांमध्ये शिरतं आणि हीटसिंक बिस्किटासारखा ठिसूळ होतो. तांब्याचं तसं होत नाही. तळ तांबूस असेल तर प्रश्न मिटला. रुपेरी असेल तर तो निकेलचा मुलामा दिलेलं तांबं आहे की निव्वळ ॲल्युमिनियम, हे कंपनीच्या माहितीपत्रकात बघा, मगच ट्यूब उघडा.