टेप काढली का?

कांदिवलीतल्या गच्चीवर विमान बनवणारे कॅप्टन अमोल यादव आठवतात? त्यांचं सहा आसनी विमान २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात बीकेसीत ठेवलं होतं. असं घरचं विमान पाहिलं की आपला पहिला प्रश्न असतो, ‘हे उडेल का?’ बनवणाऱ्याला मात्र आणखी एक प्रश्न छळतो. उडताना वेग आणि उंची खरी कळेल का?

हे सांगतात साध्या नळ्या. समोर तोंड असलेली पिटो ट्यूब अंगावर येणाऱ्या हवेचा दाब घेते. विमानाच्या कुशीतली स्टॅटिक छिद्रं आजूबाजूच्या शांत हवेचा दाब घेतात. दोन्हींतला फरक म्हणजे वेग. नुसत्या स्टॅटिकवरून कळते उंची. एखादा जोड सैल राहिला, की काटा बिनधास्त खोटं बोलतो.

म्हणून उडण्याआधी टेस्ट. त्यासाठी पारदर्शक नळी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरायचं. टी-जोड लावून पिटो आणि सिरिंज तिला जोडायची, पिटोला पाणी निचऱ्याचं छिद्र असेल तर त्यावर टेप. आता सिरिंज हळूच दाबायची. पाण्याच्या दोन पातळ्यांत १६.५ सेंटिमीटर फरक पडला, की वेगाचा काटा १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरवर हवा. मग नळी चिमटून थांबायचं. काटा घसरला? कुठेतरी गळती आहे. तोंडाने मात्र फुंकायचं नाही, नाजूक मीटर जागेवर खराब होतो.

स्टॅटिकचं उलटं. तिथे हवा ओढायची, उंचीचा काटा हजार फूट वर चढेपर्यंत. वेगाच्या मीटरवर ताण नको म्हणून पिटोची नळीही त्याच ओढीला जोडतात. अमेरिकी नियमांनुसार अशा छोट्या विमानात एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त घसरण चालत नाही. दाब सोडतानाही घाई नको.

झालं? नाही. सगळ्यात महत्त्वाचं काम उरलंय: लावलेली टेप काढणं.

२ ऑक्टोबर १९९६. लिमाहून सँटियागोला निघालेलं एरोपेरूचं बोइंग ७५७. धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली टेप तशीच राहिली होती. रात्र, खाली समुद्र. वैमानिकांनी कंट्रोलरला उंची विचारली, पण त्याच्या स्क्रीनवरचा आकडाही त्याच विमानातून येत होता. दोघांनाही ९,७०० फूट दिसत असताना पंख पाण्याला लागला. विमानातले सगळे ७० जण गेले.

त्या मोठ्या विमानामागे अख्खी कंपनी होती. घरच्या विमानात बनवणारा, तपासणारा आणि बऱ्याचदा पहिल्यांदा उडवणाराही एकच. आपणच लिहिलेला पेपर आपणच तपासला की सगळं बरोबरच वाटतं ना, तसंच! म्हणून टेप भडक रंगाची घ्यायची, यादी कागदावर लिहायची आणि शेवटची नजर दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांगायची.

त्याने फक्त एवढंच विचारायचं, ‘टेप काढली का?’