जवानाची पाठ आणि मंडळाचा शेरा

तापीकाठचे बऱ्हाणपूर हे एके काळी मोगलांच्या दक्षिणेतील फौजांचे ठाणे. आज मध्य प्रदेशात असलेल्या या शहरात मराठी घरे पुष्कळ आहेत. तेथील एखाद्या निवृत्त जवानाची कल्पना करावी. उमेदीची वर्षे पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढण्यात गेली. मणक्यातील चकती सरकली, शीर दबली, पाय बधिर झाला. सेवा संपताना वैद्यकीय मंडळाने शेरा मारला की, विकार सेवेमुळे जडलेला नाही. त्याचे गाऱ्हाणे आमच्या कोकणातील माजी सैनिकांनाही परके वाटणार नाही.

अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी विकार सेवेमुळे जडलेला वा बळावलेला असावा लागतो आणि त्याचे प्रमाण किमान २० टक्के ठरावे लागते. तुटलेला हात कोणासही दिसतो. दबलेल्या शिरेची कळ दिसत नाही. म्हणूनच पाठीच्या विकारात सारे काही मंडळाच्या लेखणीवर येऊन ठेपते.

ही लेखणी निरंकुश नाही. धरमवीरसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली १९८२ च्या नियमांचा अर्थ स्पष्ट केला. भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार पुढे उद्भवला, तर तो सेवेमुळे जडला असे गृहीत धरावे. मंडळाचे मत वेगळे असल्यास त्याने कारणे द्यावीत. पुराव्याचा भार जवानावर नाही. रामअवतार खटल्यात २०१४ साली त्याच न्यायालयाने, पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही २० टक्क्यांचे अपंगत्व ५० टक्के धरण्याचा लाभ मान्य केला. सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. परंतु त्यापूर्वी सेवा सोडलेल्यांनी जुना आधार हातचा सोडू नये.

प्रत्येक पाठदुखी लष्कराच्या माथी मारावी, असे आम्ही म्हणत नाही. वयोमानाने मणके झिजतातच. पण नकार द्यावयाचा तर तो सकारण असावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. अपील करणाऱ्यानेही केवळ कळवळून लिहू नये. भरतीच्या तपासणीची नोंद, मंडळाचा अहवाल, खडतर नेमणुकांचा तपशील आणि शिरांच्या तपासणीसह तज्ज्ञाचे मत त्याने जोडावे.

विभागीय अपिलांत दाद न मिळाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. कोकण व गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत, तर मध्य प्रदेशासाठी जबलपुरात. बऱ्हाणपूरहून जबलपूर आगगाडीने सुमारे पाचशे किलोमीटर. आपल्याला बसवत नाही, हे सांगण्यासाठी इतके अंतर बसून जावयाचे!

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांनी ही कागदपत्रे जमविण्यात पुढाकार घ्यावा, सुनावणी शक्य तितकी जवानाच्या जवळ न्यावी आणि शासनाने न्यायालयात निकाली निघालेले मुद्दे पुन्हा लढवू नयेत. ज्याने देशाचे ओझे विनातक्रार वाहिले, त्याच्या पाठीवर कागदांचे ओझे तरी लादू नये.